आश्रय नाकारला गेला, आणि नंतर मायदेशच बदलला: अमेरिकेतल्या कोर्टांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत इमिग्रेशन वकिलांकडे मी दुभाष्याचं आणि फायली लावण्याचं काम करते. मराठीतून येणारे फोन सहसा स्वतःसाठी नसतात. ‘आमच्या दुकानात एक नेपाळी मुलगा आहे’, ‘शेजारच्या बांगलादेशी वहिनी आश्रयाची (असायलमची) केस हरल्यात’, अशी सुरुवात होते आणि लगेच प्रश्न येतो, ‘तिकडे आता सगळंच बदललंय, मग कोर्ट पुन्हा बघेल का?’ या एका प्रश्नाच्या पोटात पुष्कळ प्रश्न आहेत. ते इथे एकत्र लिहिते आहे. हा वकिलाचा सल्ला नव्हे. वकिलाकडे जाताना काय विचारायचं आणि बरोबर काय न्यायचं, एवढं कळलं तरी पुष्कळ.

दावा फेटाळला तर वरच्या कोर्टात जाता येतं ना? मग तिथेच नवी परिस्थिती सांगितली तर?

जाता येतं, पण नवी परिस्थिती तिथे सांगता येत नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच अडखळतात.

आधी पायऱ्या समजून घ्या. पहिला निकाल इमिग्रेशन जजचा. त्यावर अपील बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सकडे. हे बोर्ड व्हर्जिनियातल्या फॉल्स चर्च इथे आहे. बोर्डानेही नाही म्हटलं की ३० दिवसांच्या आत फेडरल सर्किट कोर्टात. सर्किट म्हणजे काही राज्यांसाठी मिळून असलेलं फेडरल अपील कोर्ट. ज्या राज्यात जजने केस चालवली, तिथलं सर्किट. न्यू जर्सीच्या केसेस फिलाडेल्फियाच्या थर्ड सर्किटकडे जातात.

या सर्किट कोर्टापुढे असतो तो फक्त खालून आलेला गठ्ठा: तुमचा अर्ज, साक्ष, तेव्हा जोडलेले कागद. कायदा स्पष्ट सांगतो की निकाल त्याच रेकॉर्डवर द्यायचा, आणि ‘आणखी पुरावा घ्या’ म्हणून कोर्टाने केस खाली पाठवायची नाही. दप्तर बांधून झाल्यावर तुमच्या गावात काय घडलं, ते त्यात नसतं. शिवाय बोर्डाने काढलेले वस्तुस्थितीचे निष्कर्ष कोर्ट सहजासहजी बदलत नाही. कुठल्याही विचारी माणसाला उलटाच निष्कर्ष काढणं भाग पडेल, इतका पुरावा त्याच रेकॉर्डमध्ये असावा लागतो.

म्हणून ‘कोर्टात केस चालू आहे, तिथे सांगू’ म्हणत नवा पुरावा घरात ठेवणं धोक्याचं आहे.

सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलेली गोष्टसुद्धा कोर्टाला दिसत नाही?

क्वचित दिसते. मला नेहमी आठवते ती फिजीतल्या एका भारतीय वंशाच्या पोलीस शिपायाची केस, गफूर विरुद्ध आयएनएस (म्हणजे तेव्हाचं इमिग्रेशन खातं). गिरमिटियांची ही नातवंडं-पतवंडं. त्याचा दावा बोर्डाने फेटाळला आणि प्रकरण नाइन्थ सर्किटकडे असतानाच मे २००० मध्ये फिजीत उठाव झाला. पंतप्रधान महेंद्र चौधरींनाच संसदेत ओलीस धरलं गेलं. त्याच वर्षी कोर्टाने या उठावाची स्वतःहून दखल घेतली. पण हा अपवाद आहे, आणि त्याच कोर्टाने रेकॉर्डबाहेर जायचं नाही हा नियम एरवी कडकपणे पाळला आहे. गफूरच्या भरवशावर कुणी बसून राहू नये.

मग नवी परिस्थिती कुठे मांडायची?

ज्याने शेवटचा निकाल दिला त्याच्याकडे, म्हणजे बहुतेक वेळा बोर्डाकडे. त्या अर्जाला सगळेजण ‘मोशन टू रीओपन’ म्हणतात. केस पुन्हा उघडा, अशी मागणी. एरवी ती एकदाच करता येते आणि तीही शेवटच्या निकालापासून ९० दिवसांत. पण आश्रयासाठी एक दार उघडं ठेवलं आहे. मायदेशातली, किंवा जिथे पाठवायचा हुकूम आहे त्या देशातली परिस्थिती बदलली असेल, तिचा पुरावा महत्त्वाचा असेल आणि तो आधीच्या सुनावणीच्या वेळी मिळण्यासारखाच नसेल, तर ९० दिवसांची अट नाही. नियमांप्रमाणे ‘एकदाच’ ही अटही मग आड येत नाही. पाच वर्षांनी करा, पंधरा वर्षांनी करा.

मुदत नाही म्हणून सवड आहे असं मात्र नाही. त्याबद्दल पुढे.

‘परिस्थिती बदलली’ म्हणजे नेमकं काय दाखवायचं?

दोन तारखांमधला फरक. पहिली तारीख जजपुढच्या मूळ सुनावणीची, दुसरी आजची. बोर्डाने २००७ मध्ये एका चिनी बाईंच्या केसमध्ये हे पक्कं केलं. त्यांची भीती चीनच्या कुटुंबनियोजनाच्या सक्तीबद्दल होती. बोर्ड म्हणालं, मोशनबरोबर दिलेला पुरावा आम्ही मूळ सुनावणीच्या वेळच्या परिस्थितीशेजारी ठेवून पाहू. धोरण आधीपासून तसंच चालू असेल तर तो बदल नव्हे. अमेरिकेत दुसरं मूल झालं, हा बाईंच्या आयुष्यातला बदल, चीनमधला नव्हे.

हे ऐकायला सोपं वाटतं. आमच्याच हातून एकदा यात मोठी चूक झाली. एका माणसाच्या फायलीला आम्ही जवळजवळ चारशे पानं बातम्या लावल्या. जाळपोळ, अटका, बेपत्ता माणसं, सगळं त्याच वर्षातलं. आठ वर्षांपूर्वी, त्याच्या सुनावणीच्या वेळी, तिथे काय होतं याचं एकही पान नव्हतं. निकालात लिहून आलं की देशात हाल आहेत हे दिसतं, पण ते पूर्वीपेक्षा वाढले हे दिसत नाही. त्या माणसाला ते वाक्य हिंदीत मीच वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘आधी पण हालच होते दीदी, म्हणून तर आलो.’ त्याचं म्हणणं खरं होतं, आणि कायद्याला ते पुरत नव्हतं.

तेव्हापासून मी टेबलावर दोन गठ्ठे घेऊन बसते. डावीकडे सुनावणीच्या वर्षाचा अमेरिकी परराष्ट्र खात्याचा त्या देशाबद्दलचा मानवाधिकार अहवाल, उजवीकडे ताजा. पिवळ्या मार्करने एकेक वाक्य रंगवायचं. डावीकडे ‘तुरळक घटना’ असेल आणि उजवीकडे जिल्ह्यांची नावं आणि मेलेल्यांचे आकडे असतील, तर ती दोन वाक्यं शेजारी शेजारी मोशनमध्ये जातात. डावीकडे काही मुळातच नसेल, तर ‘तेव्हा नव्हतं’ हेही लिहायचं. ती रिकामी जागा हाही पुरावाच असतो.

काही बदल इतके ठळक असतात की तारीख सांगितली की पुरे. म्यानमारमधला लष्करी उठाव, १ फेब्रुवारी २०२१. तालिबान काबुलमध्ये शिरलं, १५ ऑगस्ट २०२१. पण तिथेही ‘मग याने तुला काय धोका?’ हा प्रश्न उरतोच. देश पेटला एवढ्यावर आश्रय मिळत नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट यांपैकी एका कारणाने त्या आगीचा रोख तुमच्याकडे आहे, हे दाखवावं लागतं.

मी इथे आल्यावर धर्म बदलला किंवा राजकारणात पडलो. हा बदल चालेल का?

एकट्याने नाही. पण त्याच्या जोडीला देशातही बदल झाला असेल तर दोन्ही एकत्र पाहावे लागतात. नाइन्थ सर्किटने २०१४ मध्ये चंद्रा विरुद्ध होल्डर या केसमध्ये हेच म्हटलं. हा इंडोनेशियाचा माणूस हद्दपारीच्या हुकुमानंतर ख्रिस्ती झाला होता. दरम्यान तिकडे ख्रिस्त्यांची स्थिती बिघडली, असा त्याचा पुरावा होता. तो आता ख्रिस्ती आहे हे धरूनच बोर्डाने बदल तपासायला हवा होता, असं कोर्टाचं म्हणणं. तुमचं सर्किट याबाबत काय म्हणतं ते वकिलाला आवर्जून विचारा. सगळी सर्किट्स एकाच सुरात बोलत नाहीत.

जजने मला पूर्वी खोटं ठरवलंय. आता कोण विश्वास ठेवणार?

हा प्रश्न लोक फोनवर आवाज खाली करून विचारतात. उत्तर ऐकून घ्या, कारण यात आशेला जागा आहे. सेकंड सर्किटपुढे २००६ मध्ये पॉल विरुद्ध गोन्झालेस ही एका पाकिस्तानी ख्रिस्ती माणसाची केस होती. त्याला पूर्वी मारहाण झाली यावर जजचा विश्वास बसला नव्हता, पण तो ख्रिस्ती आहे हे मान्य होतं. नंतर पाकिस्तानात ख्रिस्त्यांवरचे हल्ले वाढल्याचा पुरावा त्याने दिला. कोर्ट म्हणालं, जुन्या गोष्टीवरचा अविश्वास या नव्या पुराव्यावर चिकटवता येणार नाही, तो वेगळा तपासा. म्हणजे नवी भीती जुन्या अविश्वसनीय ठरलेल्या घटनेवर उभी नसावी. ती एखाद्या मान्य गोष्टीवर, धर्मावर किंवा जातीवंशावर उभी असेल तर रस्ता बंद नाही.

परिस्थिती सुधारली असेल तर?

तर हेच हत्यार सरकारच्या हातात जातं. बांगलादेश घ्या. ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना देश सोडून गेल्या. त्यांच्या राजवटीत छळ झाला म्हणून आश्रय मागणाऱ्या विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्याला सरकारी वकील विचारणार, आता भीती कुणाची? आणि हसीनांच्या अवामी लीग पक्षाच्या ज्या माणसाला कालपर्यंत भीती नव्हती, त्याला आज असू शकते. एकच तारीख, आणि फायलीगणिक तिचा अर्थ उलटा.

केस अजून चालू असेल आणि पूर्वी छळ झाल्याचं सिद्ध असेल, तर पुढेही छळ होईल असं कायदा गृहीत धरतो. मूलभूत बदल झाला आहे, हे दाखवायची जबाबदारी मग सरकारची. आणि बदल खरोखर झाला असला तरी मागचा छळ इतका भयंकर असू शकतो की परत जा म्हणणंच अमानुष ठरावं. बोर्डाने १९८९ मध्ये चेन नावाच्या माणसाला याच कारणाने आश्रय दिला. त्याचे वडील ख्रिस्ती धर्मगुरू, आणि चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत त्या घराचे अतोनात हाल झाले. तो काळ संपला होता. त्याच्या अंगावरच्या आणि मनावरच्या खुणा संपल्या नव्हत्या. मला हा निकाल माणुसकीला धरून वाटतो.

मोशनबरोबर काय काय द्यायचं?

आश्रयाचा नवा भरलेला अर्ज, म्हणजे फॉर्म आय-५८९, सोबत असलाच पाहिजे. ‘नंतर देऊ’ चालत नाही. स्वतःचं शपथपत्र. गावाकडच्या माणसांची शपथपत्रं: भाऊ, शेजारी, धर्मगुरू, पक्षाचा तालुका पदाधिकारी. त्यात ‘इकडे वातावरण फार वाईट आहे’ एवढंच असेल तर ते कागद वाया. कोण आलं, किती वाजता, तुमचं नाव घेऊन काय विचारलं, हे हवं. इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सहीचं प्रमाणपत्र जोडायचं. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो असेल तर तो कुणी, कधी, कुठून पाठवला ते शपथपत्रात लिहायचं.

आणि सगळ्यात आधी तुमची जुनी फाइल मिळवा. साक्षीची प्रत वाचल्याशिवाय नवं शपथपत्र लिहू नका. तेव्हा ‘दोन जण आले’ म्हणालात आणि आता ‘चार’ लिहिलंत, तर सरकारी वकिलाला दुसरं काही शोधावं लागत नाही.

फीचे आकडे २०२५ मध्ये बदलले आहेत. ज्या दिवशी अर्ज द्याल त्या दिवशीची फी पाहा.

बोर्डाने मोशनही नाकारलं. आता कोर्ट बघतं का?

हो. यासाठी अग्रोन कुचाना या अल्बानियन माणसाचे आभार मानायला हवेत. १९९७ मध्ये सुनावणीच्या दिवशी त्याला झोप लागली, वेळेवर पोचला नाही आणि गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम निघाला. पुढे २००६ मध्ये अल्बानियातली परिस्थिती बदलली म्हणून त्याने केस उघडायची मागणी केली. बोर्डाने नाकारली, आणि सेव्हन्थ सर्किट म्हणालं की हा बोर्डाच्या मर्जीचा विषय, आम्हाला अधिकारच नाही. जानेवारी २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते खोडून काढलं. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या त्या निकालामुळे केस न उघडण्याचा बोर्डाचा निर्णय सर्किट कोर्ट तपासू शकतं, हे पक्कं झालं.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. मोशन नाकारल्याच्या तारखेपासून नवे ३० दिवस सुरू होतात. आणि मूळ निकालाविरुद्धचे ३० दिवस मोशन टाकल्याने थांबत नाहीत. सुप्रीम कोर्टाने १९९५ च्या स्टोन विरुद्ध आयएनएसमध्ये हे सांगितलं आहे. दोन निकाल, दोन मुदती, दोन अर्ज.

कोर्ट इथे पाहतं ते एवढंच, की बोर्डाने अधिकार मनमानीने तर वापरला नाही ना. पुरावा वाचलाच नाही, दोन तारखांची तुलना केलीच नाही, चुकीचा निकष लावला, अशा ठिकाणी केसेस परत जातात. परत जातात हा शब्द महत्त्वाचा. २००२ मध्ये ग्वाटेमालाच्या व्हेंतुराच्या केसमध्ये नाइन्थ सर्किटने परिस्थिती बदलली की नाही हे स्वतःच ठरवून टाकलं, तेव्हा सुप्रीम कोर्टाने बजावलं की तो प्रश्न आधी बोर्डाने पाहायचा. म्हणून सर्किट कोर्टात जिंकलात तरी त्या दिवशी आश्रय मिळत नाही. केस पुन्हा बोर्डाच्या टेबलावर जाते. पेढे वाटायला थोडं थांबा.

मोशन टाकलं की हद्दपारी थांबते?

नाही. गैरहजेरीत निघालेला हुकूम रद्द करून मागण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर आपोआप काहीच थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, बोर्डाकडेही आणि कोर्टाकडेही. कोर्टात निकष ठरले ते २००९ च्या न्केन विरुद्ध होल्डर या केसमध्ये. जाँ मार्क न्केन कॅमेरूनचा. त्याचाही मुद्दा हाच होता, की मायदेशी परिस्थिती बदलली आहे, केस उघडा. सुप्रीम कोर्टाने चार गोष्टी पाहायला सांगितल्या: जिंकण्याची शक्यता, भरून न येणारं नुकसान, दुसऱ्या बाजूचं नुकसान आणि लोकहित. पहिल्या दोन सगळ्यात वजनदार.

मुदत नाही म्हणजे सवड नाही, असं वर म्हटलं ते याचसाठी. २०१७ च्या जूनमधल्या एका रविवारी डेट्रॉइट परिसरात शंभराहून अधिक इराकी पकडले गेले, त्यात पुष्कळ खाल्डियन, म्हणजे इराकमधल्या जुन्या ख्रिस्ती समाजाचे लोक होते. कित्येकांवरचे हुकूम दहा-वीस वर्षं जुने. इराक त्यांना परत घेत नव्हता, म्हणून ते इमिग्रेशन खात्याकडे नेमाने हजेरी लावत इथेच राहिले होते. दरम्यान मोसुल आयसिसच्या हाती गेलं होतं, ख्रिस्त्यांची गावं ओस पडली होती. केस उघडायला याहून मोठं कारण काय हवं? पण बहुतेकांनी मोशन टाकलंच नव्हतं, कारण त्यांना कुणी परत पाठवतच नव्हतं. त्या वर्षी इराकने माणसं परत घ्यायचं कबूल केलं आणि विमानाची तयारी सुरू झाली. न्यायाधीश मार्क गोल्डस्मिथ यांनी हद्दपारी रोखली, ती याचसाठी की या लोकांना मोशन टाकायला वेळ मिळावा. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये सिक्स्थ सर्किटने तो आदेश अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर रद्द केला. मधल्या काळात ज्यांनी कागद दिले, त्यांतल्या अनेकांच्या केसेस उघडल्या. जुना हुकूम डोक्यावर असलेल्या कुणालाही मी हीच हकीकत सांगते: बदल झाला त्या महिन्यात वकील गाठा.

एकदा हद्दपार होऊन पुन्हा चोरून आलेल्यांना हे दार आहे का?

जुना हुकूम पुन्हा लागू केला गेला असेल तर कायद्याने तो उघडता येत नाही. जिवाला धोका असेल तर पाठवणी रोखून ठेवण्याची वेगळी, मर्यादित मागणी करता येते. तिचा निकष जास्त कडक आहे.

दुसऱ्या देशांतही कोर्ट असंच जुन्या गठ्ठ्यावर चालतं का?

नाही, आणि हे कळल्यावर मला अमेरिकेची पद्धत अधिकच खुपायला लागली. करमजित सिंग चहल हे शीख कार्यकर्ते ब्रिटनमध्ये ऑगस्ट १९९० पासून कैदेत होते. त्यांना भारतात पाठवायचं ठरलं होतं. नोव्हेंबर १९९६ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने सांगितलं की धोका पाहायचा तो आमच्यापुढे केस आहे त्या वेळचा. पंजाबातली परिस्थिती सुधारली हा ब्रिटनचा मुद्दाही ऐकून घेतला, आणि तरीही पंजाब पोलिसांकडून धोका उरलाच आहे, असा निकाल दिला. युरोपियन युनियनच्या नियमांतही आश्रयाचं पहिलं अपील आजच्या परिस्थितीवर तपासायचं बंधन आहे. तुम्ही माणसाला आज पाठवणार असाल तर आजचाच देश पाहायला हवा, याला उत्तर काय आहे?

आणि भारतात?

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आश्रयाचा वेगळा कायदाही नाही. म्यानमारच्या उठावानंतर दोनच महिन्यांनी, ८ एप्रिल २०२१ ला, जम्मूत डांबलेल्या रोहिंग्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला. आपल्या नागपूरचे शरद बोबडे तेव्हा सरन्यायाधीश होते. दुसऱ्या देशात काय चाललं आहे यावर आम्ही भाष्य करू शकत नाही, असं खंडपीठाने म्हटलं आणि ठरलेली प्रक्रिया पाळून पाठवणी करायला मुभा दिली. महिन्याभरातच मणिपूर उच्च न्यायालयाने, मानवाधिकार वकील नंदिता हक्सर यांच्या अर्जावर, त्याच उठावातून पळून आलेल्या सात जणांना दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाकडे जाऊ दिलं. जिथे जीव धोक्यात आहे तिथे माणसाला परत ढकलू नये, हे तत्त्व घटनेच्या कलम २१ मध्ये बसतं, असं ते न्यायालय म्हणालं.

पाठवून दिल्यावर केस जिंकलो तर परत आणतात का?

केस चालू राहू शकते. देश सोडला की मोशन संपतं, हा जुना नियम अनेक सर्किट कोर्टांनी मानलेला नाही. पण परत येणं ही वेगळी लढाई आहे. न्केनच्या केसमध्ये सरकारने सुप्रीम कोर्टाला सांगितलं होतं की जिंकलेल्यांना परत आणण्याची आमची रीत आहे. कोर्टाने त्यावर भरवसा ठेवून लिहिलं की हद्दपारी म्हणजे भरून न येणारं नुकसानच, असं सरसकट म्हणता येत नाही. एप्रिल २०१२ मध्ये सरकारनेच कोर्टाला पत्र लिहून तो खुलासा दुरुस्त केला: तेव्हा सांगितली तशी पक्की रीत नव्हती. त्याच वर्षी परत आणण्याबद्दल लेखी सूचना निघाल्या. म्हणून स्थगितीच्या अर्जात ‘नंतर परत येता येईल’ हा सरकारी युक्तिवाद दिसला, तर तुमच्या वकिलाला २०१२ च्या त्या पत्राची आठवण करून द्या.